सूर्याची उफणणी

प्रश्न : बाई, नमस्कार. मध्यंतरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला की, ‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळात पृथ्वीच्या अगदी जवळून कॉस्मिक किरण जाणार आहेत, मोबाईल बंद करून अंगापासून लांब ठेवा.’ सासूबाईंनी घरातले सगळे मोबाईल बंद करून धान्याच्या कोठीत ठेवायला लावले. हे रात्रपाळीला होते. तीन-चारदा फोन करूनही लागेना, म्हणून घाबरून पहाटेच घरी आले. माझी मुलगी अकरावीला आहे. ती म्हणते, सूर्यावर वादळ झालं की हे किरण वाढतात, म्हणून असे निरोप येत असतील. मलाही तसंच वाटतं. खरं काय आहे?
– एक गृहिणी, विटा

उत्तर : ताई, तुमच्या घरी त्या रात्री जो घोर लागला तो वाचून वाईट वाटलं. हा निरोप मला आजवर कितीतरी जणांनी पाठवला आहे. वेळ दरवेळी तीच असते, तारीख मात्र नसते. नुसतं ‘आज रात्री’ म्हटलेलं असल्यामुळे तो वर्षानुवर्षं ताजाच राहतो.

सासूबाईंना एक करून दाखवा. तळहात छताकडे करून, आडवा धरून मिनिटभर बसा. तेवढ्यात त्यातून सुमारे शंभर म्युऑन आरपार गेलेले असतात. विश्वकिरण, म्हणजेच तुमच्या निरोपातले कॉस्मिक किरण, वरच्या हवेवर आदळले की तयार होणारे कण म्हणजे म्युऑन. ते कौलातून येतात, स्लॅबमधूनही येतात आणि जमिनीत शिरतात. दिवसा, रात्री, आजी झोपलेल्या असतानाही. आपण जन्माला येण्याआधीपासून हे चाललेलं आहे. मोबाईल त्यांना ओढून घेत नाही, आणि तो बंद केल्यानं ते थांबतही नाहीत. समुद्रसपाटीला वर्षभरात आपल्याला जो नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळतो, त्यात विश्वकिरणांचा वाटा लहान असतो. जमिनीतून, दगडांतून आणि घरातल्या हवेतून मिळणारा त्याहून पुष्कळ जास्त.

आता लेकीचं म्हणणं. तिनं सूर्याचा संबंध लावला हे मला फार आवडलं, कारण संबंध आहेच. फक्त तो तिच्या अंदाजाच्या उलट आहे. सूर्य खवळतो तेव्हा पृथ्वीजवळचे विश्वकिरण कमी होतात आणि सूर्य निवांत असतो तेव्हा वाढतात. भौतिकशास्त्राच्या वर्गात हे सांगितलं की अजूनही मुलं मान वर करून बघतात.

मुळात हे किरण सूर्याचे नव्हेत. ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस १९१२ साली उपकरणं घेऊन बलूनमधून वर जात होते. १७ एप्रिलला सूर्यग्रहण होतं, तेव्हाही ते वर होते. चंद्रानं सूर्य झाकला तरी किरण काही कमी झाले नाहीत. ७ ऑगस्टच्या उड्डाणात ते पाच हजार मीटरच्या वर पोचले, आणि जमिनीवरच्यापेक्षा तिथे किरण जास्त निघाले. म्हणजे किरण वरून येत होते, पण सूर्याकडून नव्हे. आज आपण मानतो की त्यातले बहुतेक आपल्या आकाशगंगेतल्या फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांमधून निघतात आणि लक्षावधी वर्षं भटकत इथवर येतात.

मग त्यांच्यावर सूर्याचा अंमल कसा? तुम्ही विट्याच्या, म्हणजे खळं पाहिलेलं असणार. मळणी झाली की सुपातून धान्य वाऱ्यावर सोडतात. भुसा उडून लांब जातो आणि दाणा पायाशी पडतो. सूर्य हीच उफणणी करतो. त्याच्यापासून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो, सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगानं, कधी त्याच्या दुपटीनं. याला सौरवारा म्हणतात. हा वारा सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही आपल्याबरोबर ओढून नेतो. पृथ्वीवरून पाहिलं तर सूर्य सुमारे २७ दिवसांत स्वतःभोवती एक फेरी घेतो. त्यामुळे हे क्षेत्र उसातल्या फिरत्या तुषार-नळाच्या धारेसारखं वळसे घेत बाहेर पसरतं. विश्वकिरण म्हणजे विद्युतभार असलेला कण, बहुतेक वेळा प्रोटॉन. चुंबकीय क्षेत्रात शिरला की त्याची वाट वाकते. त्या क्षेत्रात गाठी आणि पीळ असले की तो इकडून तिकडे भिरकावला जातो आणि वाऱ्याबरोबर मागे रेटला जातो. कमी ऊर्जेचा कण भुशासारखा उडून जातो. जास्त ऊर्जेचा कण दाण्यासारखा, वाऱ्याला न जुमानता आत येतो. लेकीला एवढं मात्र बजावा की दोघांचं वस्तुमान तेच, फरक ऊर्जेचा आहे.

सूर्य शांत असला की या वाऱ्यातल्या गाठी कमी होतात आणि भुसासुद्धा आपल्या अंगणात येऊन पडतो. सूर्यावर डाग वाढले, उद्रेक होऊ लागले की वाऱ्याचे लोट दूरपर्यंत पोचतात आणि अंगण झाडल्यासारखं होतं. हे अंगण केवढं, तेही आता ठाऊक आहे. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ हे यान २५ ऑगस्ट २०१२ रोजी त्याच्या कुंपणाबाहेर पडलं. तेव्हा ते सूर्यापासून, पृथ्वी जेवढी लांब आहे त्याच्या १२१ पट लांब होतं. कुंपण ओलांडताना सूर्याकडचे कण जवळजवळ नाहीसे झाले आणि बाहेरच्या विश्वकिरणांची मोजणी चढली.

सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांत वाढतात आणि ओसरतात, हे आपण शाळेत शिकतो. विश्वकिरणांचा आलेख त्याला उलटा टांगल्यासारखा असतो, फक्त काही महिने मागून येतो, कारण एवढं मोठं अंगण झाडायलाही वेळ लागतो. हे दाखवून दिलं अमेरिकेच्या स्कॉट फोर्बुश यांनी. त्यांच्याबद्दल मी जरा थांबून लिहिते, कारण मला त्या माणसाविषयी मनापासून आदर आहे. पेरूमधल्या वांकायोसारख्या ठिकाणी ठेवलेल्या आयनीकरण कक्षांच्या, म्हणजे विश्वकिरण मोजणाऱ्या उपकरणांच्या, नोंदी ते वर्षानुवर्षं तपासत राहिले. पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं की विश्वकिरण एकदम घसरतात आणि मग काही दिवसांत हळूहळू सावरतात, हे त्यांनी १९३७ साली सांगितलं. आजही त्या घसरणीला फोर्बुश घट म्हणतात. अकरा वर्षांच्या चक्राबद्दल मात्र त्यांनी १९५४ साली लिहिलं. मधली सगळी वर्षं नोंदी गोळा होत होत्या. अकरा वर्षांची गोष्ट सांगायची तर अकराहून जास्त वर्षं मोजावं लागतं, तिथे घाई चालत नाही.

हे मी स्वतः थोडंसं अनुभवलं आहे. २००८ ते २०११ या काळात आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मुलांनी आणि मी दोन गायगर नळ्या, म्हणजे कण आतून गेला की टिक करणाऱ्या नळ्या, एकावर एक बसवल्या होत्या. बोटाएवढ्या जाड आणि वीतभरही लांब नसलेल्या. दोन्ही नळ्यांत एकाच क्षणी टिक झालं तरच ते मोजायचं, म्हणजे एकच कण दोन्हींतून गेला असं समजायचं. मिनिटाला चार-पाच टिका पडायच्या. नळ्यांची जोडी आडवी करून खिडकीतून क्षितिजाकडे रोखली की टिका अगदी विरळ व्हायच्या, पुन्हा आकाशाकडे केली की वाढायच्या. पहिल्यांदा हे पाहिल्यावर एका मुलीनं नळ्यांच्या मधल्या फटीत हात घातला आणि प्रत्येक टिकेला ‘हा माझ्यातून गेला’ असं मोजत बसली. तास संपल्याची घंटा झाली तरी ती उठली नाही.

लोडशेडिंगमुळे मोजणी बॅटरीवर चालवायचो. दिवसाच्या टिका सहा हजारांच्या आसपास. रोज सकाळी दहाला आकडा वहीत लिहायचा आणि भिंतीवरच्या फोर्टिनच्या वायुदाबमापकातला पारा वाचायचा, असा नेम होता. पाऱ्याचं वाचन मुलांना कटकटीचं वाटे. जुलै आला आणि महिन्याची सरासरी एक-सव्वा टक्क्यानं चढलेली दिसली. वर्गात उत्साह संचारला. ते सूर्य अगदी शांत असण्याचे दिवस होते, वर्तमानपत्रांत तसं छापूनही येत होतं. मुलांनी निष्कर्ष काढला की सूर्य शांत, म्हणून किरण वाढले. मी म्हटलं, वहीचा दुसरा रकाना बघा. हिवाळ्यापेक्षा पारा सहा-सात मिलिमीटर उतरलेला होता. पावसाळ्यात आपल्याकडे हवेचा दाब कमी होतो, म्हणजे डोक्यावरची हवा तेवढी कमी होते, वाटेत कमी कण अडतात आणि खाली जास्त पोचतात. ती वाढ आमच्या डोक्यावरच्या आषाढाची होती. सूर्यामुळे होणारा फरक त्या नळ्यांना दिसणं शक्यच नव्हतं. अशा मोजणीत आकडा आपोआपच त्याच्या वर्गमूळाएवढा वर-खाली होत असतो. सहा हजार टिकांचं वर्गमूळ साधारण ७७, म्हणजे दिवसाचा आकडा नुसत्या योगायोगानंच सव्वा टक्का वर-खाली होणार. आणि आपल्याकडे सौरवादळामुळे म्युऑनच्या मोजणीत पडणारा फरकही बहुधा तेवढाच असतो.

तेवढाच का, तर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र. ते ध्रुवांजवळ उघड्या दारासारखं आहे, विषुववृत्ताजवळ भिंतीसारखं. उटीला सरळ वरून यायचं तर प्रोटॉनला सुमारे १७ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा लागते. म्हणजे सूर्यानं उफणायच्या आधीच आपल्या वाट्याला जवळजवळ निवडलेला दाणा येतो, आणि दाण्यावर वाऱ्याचा जोर फारसा चालत नाही. फिनलंडसारख्या ठिकाणी भुसाही पोचतो, म्हणून तिथे अकरा वर्षांत पंधरा-वीस टक्क्यांचा चढउतार दिसतो.

मग भारतात मोजून काय उपयोग, असं वाटेल. उपयोग आहे, पण नळ्या बोटाएवढ्या नकोत. उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ नावाचा प्रयोग आहे. तिथे सहा-सहा मीटर लांबीच्या ३,७१२ चौकोनी पोलादी नळ्या जाड काँक्रीटखाली मांडल्या आहेत आणि त्या दिवसाला सुमारे चार अब्ज म्युऑन टिपतात. चार अब्जांचं वर्गमूळ घेऊन पाहायला लेकीला सांगा. योगायोगाची डळमळ टक्क्याच्या पाचशेव्या हिश्श्याहूनही कमी होते. म्हणून २२ जून २०१५ च्या सौरवादळात तिथे एक विलक्षण गोष्ट दिसली. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. सूर्याकडून ताशी सुमारे २५ लाख किलोमीटर वेगानं आलेला लोट पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळला आणि कवच पृथ्वीच्या ११ त्रिज्यांवरून ४ त्रिज्यांपर्यंत दबलं. सुमारे दोन तास म्युऑन एकदम वाढले. मी वर लिहिलेल्या भिंतीला काही वेळ भेग पडली होती आणि एरवी परत फिरले असते असे कण आत आले. या संशोधनाचा निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे एखाद्या रात्री किरण थोडे वाढतात, हे खरंच घडतं. त्या रात्री लाखो लोक उशाशी मोबाईल घेऊन झोपले होते. कुणाला काही झालं नाही, कारण ती वाढ इतकी बारीक होती की दिसायला ३,७१२ नळ्या लागल्या.

अलीकडचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. मे २०२४ मध्ये लडाखमध्ये हान्लेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला, त्याचे फोटो सगळीकडे फिरले. १० मेच्या रात्री मी फिनलंडमधल्या औलू इथल्या न्यूट्रॉन मॉनिटरची, म्हणजे विश्वकिरणांमुळे हवेत सुटणारे न्यूट्रॉन मोजणाऱ्या यंत्राची, रेषा बघत बसले होते. ती कुणालाही पाहता येते. आपल्याकडे साडेदहा वाजून गेल्यावर वादळ पृथ्वीला धडकलं आणि रेषा घसरायला लागली. ध्रुवाकडच्या काही केंद्रांवर घट दहा टक्क्यांहून जास्त झाली. सगळं जग सौरवादळाच्या बातम्या वाचत होतं, आणि नेमक्या त्याच वेळी दूरच्या ताऱ्यांकडून येणारा मारा कमी झाला होता.

आता लेकीच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. ११ मेच्या सकाळी साडेसातच्या सुमाराला काही केंद्रांवर त्या खड्ड्याच्या तळाशीच एक छोटासा उंचवटा आला. तो सूर्याचा स्वतःचा माल होता. एखाद्या जबर स्फोटात सूर्यही कणांना एवढा वेग देतो की ते जमिनीवरच्या यंत्रांपर्यंत पोचतात. पण असे प्रसंग क्वचित. १९४२ पासून आजवर पाऊणशेच्या घरात नोंदले गेले आहेत. सगळ्यांत दांडगा २३ फेब्रुवारी १९५६ चा. इंग्लंडमध्ये लीड्सला न्यूट्रॉनची मोजणी काही मिनिटांसाठी चाळीस पटींहून वर गेली होती. तेव्हा ‘सूर्याच्या वादळानं किरण वाढतात’ हे तिचं वाक्य अशा काही तासांपुरतं खरं. बाकी अकरा वर्षांतले जवळजवळ सगळे दिवस उलटं खरं.

आणखी एक, केवळ मला सांगावंसं वाटतं म्हणून. विश्वकिरणांमुळे हवेत कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार तयार होतो आणि झाडं तो आपल्या वलयांत साठवतात. त्यामुळे जुन्या लाकडात त्या-त्या वर्षी सूर्य कसा होता याची खूण राहते. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग जवळजवळ नव्हतेच, आणि त्या काळातल्या वलयांत कार्बन-१४ चढलेला सापडतो. १६७४ साली रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा वरचा सूर्य असा शांत होता. त्या काळी सह्याद्रीत वाढलेल्या एखाद्या वृक्षाच्या गाभ्यातही ती खूण असणारच, या विचारानं मी आजही हरखून जाते.

प्रश्न : सूर्य खवळल्यावर विश्वकिरण कमी होतात, तर अंतराळवीरांना अशाच वर्षी पाठवणं जास्त सुरक्षित नाही का?
– एक विद्यार्थी, अहिल्यानगर

उत्तर : प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. मंगळाच्या मोहिमा आखणारे यावर खरंच विचार करतात. २०११-१२ मध्ये मंगळाकडे जाताना क्युरिऑसिटी या यानामधल्या उपकरणानं दिवसाला सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग मोजायचं एकक) एवढा मारा मोजला. आपल्याला पृथ्वीवर साधारण वर्षभरात मिळतो त्याच्या जवळपास तेवढा, एका दिवसात. यातला बहुतेक ताऱ्यांकडून आलेला होता. हा मारा सतत चालतो आणि त्यातले जड, वेगवान कण यानाची भिंत भेदून जातात. सूर्य तापलेल्या वर्षांत तो निम्म्यापर्यंत उतरू शकतो.

पण त्याच वर्षांत सूर्याच्या स्वतःच्या कणांचा लोट येण्याची धास्ती असते. ऑगस्ट १९७२ मध्ये फार मोठा लोट आला. अपोलो-१६ चे वीर एप्रिलमध्ये परतले होते आणि अपोलो-१७ डिसेंबरमध्ये निघायचं होतं. मधल्या महिन्यांत चंद्रावर कुणी नव्हतं, हे नशीब. अशा लोटापासून काही तास जाड आडोशाला, पाण्याच्या साठ्यामागे बसून बचाव करता येतो. ताऱ्यांकडच्या किरणांपासून तसा आडोसा करणं फार अवघड. म्हणून माझा कल तुझ्याच बाजूला आहे, पण अट एकच, वादळाचा इशारा वेळेत मिळायला हवा. आपलं आदित्य-एल१ पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला बसून जे वारं मोजतं, त्याचं मोल इथे आहे. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर राहून आले, ते सूर्य सक्रिय असण्याचेच दिवस. पण स्थानक अवघ्या चारशे किलोमीटरवर, पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या आत आहे. चंद्राकडे किंवा मंगळाकडे निघालं की ते कवच मागे राहतं.

प्रश्न : विश्वकिरणांनी ढग तयार होतात, म्हणून सूर्यावरच्या डागांवरून पाऊस सांगता येतो, असं एका व्हिडिओत पाहिलं. यंदा पेरणीला त्याचा आधार घ्यावा का?
– एक शेतकरी, जत

उत्तर : दादा, घेऊ नका. ही कल्पना १९९७ मध्ये डेन्मार्कच्या हेन्रिक स्वेन्समार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यानं मांडली होती आणि ती तपासण्यासाठी युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत बंद टाकीत खरंच ढगांचे प्रयोग झाले. किरणांमुळे हवेत अतिसूक्ष्म कण जुळायला थोडी मदत होते, पण आजच्या हवेत ढगांवर त्याचा परिणाम फारच किरकोळ निघाला. डाग आणि पाऊस यांचा मेळ आपल्या हवामान खात्याचे गिल्बर्ट वॉकर यांनी शंभर वर्षांपूर्वीच घालून पाहिला होता. तो इतका क्षीण निघाला की त्यांनी आपलं लक्ष दूरच्या समुद्रांवरच्या दाबाकडे वळवलं, आणि त्यातूनच पुढे एल निनोचं कोडं उलगडायला मदत झाली. जतसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात बियाणं वाया गेलं की काय होतं ते मला सांगायला नको. हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज आणि जमिनीतली ओल, हेच बघा.

जाता जाता विट्याच्या ताईंच्या लेकीसाठी. तुला हे कण डोळ्यांनी पाहायचे असतील तर घरी मेघकक्ष, म्हणजे कणांची वाट धुक्यात उमटवणारी बरणी, करता येतो. काचेची रुंद बरणी घे, तिच्या तळाला आतून नमद्याचा तुकडा घट्ट चिकटव. तो ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं भिजव. तोंडाला काळा रंग दिलेली पत्र्याची थाळी लाव, कडा सील कर आणि बरणी उलटी करून थाळीखाली कोरडा बर्फ ठेव. तो आइस्क्रीम पोचवणाऱ्यांकडे मिळतो. उणे ७८ अंश असतो, उघड्या हातानं धरू नकोस, बंद डब्यात कोंडू नकोस, खिडक्या उघड्या ठेव, जवळपास काडी पेटवू नकोस आणि आईला शेजारी बसव. खोलीत अंधार कर आणि टॉर्च बाजूनं, थाळीला चिकटून धर. पहिली दहा मिनिटं नुसतं धुकं दिसेल. मग थाळीच्या वर बोटभर उंचीत पांढऱ्या रेघा उमटू लागतील. आखूड, जाड रेघा हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूच्या. वेड्यावाकड्या इलेक्ट्रॉनच्या. आणि कोळ्याच्या धाग्यासारखी बारीक, सरळ रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली, तर तो बहुधा म्युऑन. दहा मिनिटांत किती दिसले ते लिही, तारीख आणि वेळ घाल, आणि त्या दिवसाचा हवेचा दाबही शेजारच्या रकान्यात लिहून मला पाठव.